मठाचे नाव सांगणारे गाव

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, जेथे ब्रिटनीची भूमी अटलांटिक महासागरात शिरते, तेथे ओन नावाची नदी ब्रेस्तच्या विस्तीर्ण खाडीला मिळते. तिच्या मुखाशी, क्रोझों द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाला, लांदेव्हेनेक हे एक लहानसे गाव वसलेले आहे. लोकवस्ती साडेतीनशेच्या घरात. गावात पाण्याच्या काठावर सतराव्या शतकातील एक चर्च आहे आणि चर्चला लगटून दफनभूमी आहे. भरतीचे पाणी दफनभूमीच्या भिंतीपासून फारसे दूर नसते. घरांच्या अंगणांत ताडाच्या कुळातली झाडे डोलताना दिसतात. उत्तरेकडील त्या थंड, वादळी किनाऱ्यावर ही झाडे पाहून प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. पण गाव टेकडीच्या ओट्यात दडलेले असल्याने समुद्रवाऱ्यांचा मारा तेथे पोहोचत नाही, आणि म्हणून दक्षिणेकडील उबदार प्रदेशांतली झाडेझुडपे तेथे सुखाने वाढतात.

आम्हां उभयतांची भाची ब्रेस्त येथे सागरविज्ञानाचा अभ्यास करते. तिच्याकडे आम्ही मे महिन्यात काही दिवस राहावयास गेलो असता तिने आमच्यासाठी मोठमोठ्या शहरांची यादी करून ठेवली होती. आम्ही मात्र प्रथम लांदेव्हेनेकला नेण्याचा हट्ट धरला. कारण या गावाचा जन्म मठातून झाला आहे असे आम्ही वाचले होते. गाव आधी वसले आणि मग तेथे चर्च उभे राहिले, असे जगात सर्वत्र आढळते. येथे क्रम उलटा आहे. आधी प्रार्थना आली, मग शेत, मग बोट, आणि सर्वांत शेवटी गाव.

ही गोष्ट गावाच्या नावातच सांगितलेली आहे. ब्रेतॉन भाषेत 'लान' म्हणजे पवित्र जागा, मठाची जागा. पुढचा भाग हे संत गेनोले याचे लाडाचे नाव आहे. जुन्या ब्रेतॉन लोकांत मठवासीयाच्या नावाचे लघुरूप करून त्याच्या आधी 'तो', म्हणजे 'तुझा', हा शब्द जोडण्याची पद्धत होती. गेनोलेचे जुने रूप विनवालो. त्याचे लाडाने विन्नोक झाले आणि मग तो-विन्नोक. लान आणि तो-विन्नोक मिळून लांदेव्हेनेक. आपल्याकडे एखाद्या आजोबांना सारा गाव 'बाबू' किंवा 'बाळू' म्हणतो आणि खरे नाव केवळ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत राहते, तसाच हा प्रकार. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका कठोर तपस्व्याचे घरगुती नाव आज फ्रान्सच्या सरकारी नकाशावर छापलेले आहे, आणि टपालवाला ते दररोज वाचतो.

एकदा हे कळले की ब्रिटनीचा नकाशा वेगळाच दिसू लागतो. ब्रेस्तहून निघताना रस्त्यावरच्या पाट्या आम्ही मोठ्याने वाचू लागलो. लांदेर्नो, लांदिव्हिझियो, लानिलिस : ही सारी 'लान'ची गावे. प्लुगास्तेल, प्लुगेर्नो, प्लुदाल्मेझो : यांतले 'प्लु' म्हणजे धर्मग्राम, आपली पॅरिश. पाचव्या आणि सहाव्या शतकांत आजच्या वेल्स, कॉर्नवॉल आदी भागांतून ब्रिटन लोकांचे तांडे समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आले. त्यांच्यासोबत त्यांचे धर्मगुरू आणि मठवासीही आले. रोमन सत्ता मावळली होती. नवी सत्ता अद्याप स्थिरावली नव्हती. अशा काळात जो माणूस लोकांना एकत्र ठेवू शकतो, त्याचेच नाव त्या जागेला पडते. येथे ती नावे सरदारांची फार थोडी पडली, संतांची फार अधिक. त्यांपैकी शेकडो संतांना रोमने रीतसर संतपद कधी बहाल केले नाही. लोकांनीच त्यांना संत मानले आणि विषय तेथेच मिटला.

रस्ता ओन नदीवरील तेरेनेझच्या पुलावरून जातो. २०११ मध्ये खुला झालेला हा पूल वळणदार आहे. सरळ पूल पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तो नदीवर हात पसरून उभा असल्यासारखा भासतो. पुढे उंचावर एक सज्जा लागतो. तेथून खाली नदीच्या खोल वळणात फ्रेंच नौदलाची सेवानिवृत्त जहाजे नांगरून ठेवलेली दिसतात. भंगारात निघण्यापूर्वी ती येथे वाट पाहत पडून असतात. म्हणून या ठिकाणाला जहाजांची दफनभूमी म्हणतात. 'कोल्बेर' ही एकेकाळची प्रतिष्ठित युद्धनौका २००७ पासून २०१४ पर्यंत येथेच होती. याच खाडीच्या दुसऱ्या अंगाला, इल लाँग येथे, फ्रान्सच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ आहे. मठाकडे जाताना आपण या दोन्ही गोष्टींच्या शेजारून जातो हे आम्हांला जरा अस्वस्थ करून गेले. भाची म्हणाली, "मावशी, इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी नौदलात असतं." ते खरेच असावे. किनाऱ्यावरची माणसे समुद्रावर पोट भरतात, मग समुद्रावर जे काही तरंगत असेल ते.

संत गेनोलेची कथा आज आपल्याला उपलब्ध आहे ती मुख्यतः याच मठाचा एक मठाधिपती गुर्दिस्तेन याच्यामुळे. त्याने ती इ. स. ८८०च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिली, म्हणजे संताच्या मृत्यूनंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी. म्हणून तिच्यातील प्रत्येक वाक्याला इतिहास मानता येत नाही. मठाची स्थापना ४८५ मध्ये झाली असे परंपरा सांगते, आणि त्या हिशेबाने १९८५ मध्ये पंधराशे वर्षांचा सोहळाही साजरा झाला. परंतु तो आकडा परंपरेचा आहे. असे असले तरी गुर्दिस्तेन हा केवळ चमत्कार जमविणारा लेखक नव्हता. आपल्या मठाचा आरंभ कोणत्या वृत्तीतून झाला हे आपल्या काळच्या मठवासीयांना, कदाचित थोड्याशा सुखावलेल्या मठवासीयांना, आठवून द्यावे अशी तळमळ त्याच्या लेखनाच्या मुळाशी होती असे आम्हांला वाटते.

तो सांगतो की गेनोलेचे वडील फ्राकान हे ब्रिटनहून आलेले कुलीन गृहस्थ आणि आई ग्वेन. या दांपत्याला तीन पुत्र झाले, तेव्हा देवाने त्या मातेला तिसरा स्तन दिला, असा कथेत उल्लेख आहे. पुढे कित्येक शतके ब्रिटनीतल्या बाळंतिणी अंगावर भरपूर दूध यावे म्हणून या ग्वेनची प्रार्थना करीत. पंडितांना ही कथा ओशाळवाणी वाटली असेल. बाळंतिणींना ती मुळीच तशी वाटली नाही.

बाळ गेनोलेला ब्रेहा बेटाजवळील लावरे या छोट्या बेटावर बुदोक नावाच्या गुरूकडे शिक्षणासाठी ठेवण्यात आले. तरुणपणी गुरूची अनुज्ञा घेऊन, अकरा सोबत्यांसह, तो स्वतःचा मठ स्थापण्यास निघाला. बारा जणांची ही संख्या अर्थात योगायोगाची नाही. ते प्रथम तिबिदी नावाच्या एका चिमुकल्या बेटावर राहिले. हे बेट ब्रेस्तच्या खाडीतच, लांदेव्हेनेकच्या समोरच्या बाजूला आहे. तेथे त्यांनी तीन वर्षे काढली. वारा इतका की काही पिकेना, जमीन खडकाळ. समोर मात्र हिरवी, निवाऱ्याची किनारपट्टी दिसत होती. शेवटी गेनोलेने प्रार्थना केली, समुद्र दुभंगला, आणि ते सारे एकमेकांचे हात धरून चालत पलीकडे आले, असे कथा म्हणते.

हा प्रसंग मोशेच्या प्रसंगावर बेतलेला आहे हे कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूल सांगेल. पण किनाऱ्यावर उभे राहून तिबिदीच्या दिशेने पाहत असता आमच्या मनात रेंगाळली ती समुद्र दुभंगण्याआधीची तीन वर्षे. समोर चांगली जमीन दिसत असताना, नापीक बेटावर तीन वर्षे न कुरकुरता राहणे हे अधिक दुर्मीळ आहे. गुर्दिस्तेनने ते एका ओळीत सांगून टाकले आहे, कारण त्याच्या वाचकांना चमत्काराची गोडी अधिक होती.

मठातील दिनक्रम कडक होता. गेनोलेच्या अंगावर बकऱ्याचे कातडे, उशाला दगड. भाकरी जवाची, आणि तिच्यात राख मिसळलेली. मद्य मठात वर्ज्य. डोक्याचे मुंडणही रोमन पद्धतीप्रमाणे टाळूवर गोल नव्हे, तर आयर्लंड आणि वेल्सच्या मठवासीयांसारखे, कानापासून कानापर्यंत पुढचा भाग भादरून. हे सारे ८१८ पर्यंत चालले. त्या वर्षी शार्लमेनचा पुत्र सम्राट धर्मनिष्ठ लुई ब्रिटनीवर स्वारी करून आला असता त्याने छावणीत मठाधिपती मात्मोनोक याला भेटीस बोलावले, मठाचे नियम विचारले, आणि पुढे संत बेनेदिक्तचा नियम व रोमन मुंडण स्वीकारण्याची आज्ञा केली. ती आज्ञा गुर्दिस्तेनने आपल्या ग्रंथात जशीच्या तशी उतरवून ठेवली. राजाच्या आज्ञेने मठाचा नियम बदलावा हे आपल्याला खटकते. परंतु बेनेदिक्तच्या नियमात माणसाच्या अशक्तपणाची समजूत आहे. आजाऱ्याला मांस देता येते, वृद्धाला सवलत देता येते. राखेची भाकरी मागे पडली आणि तिच्याबरोबर मठाची ओळख मात्र पुसली गेली नाही. संतस्मरण गेनोलेचेच राहिले, केवळ नियम दुसऱ्याचा आला.

एक आख्यायिका मात्र आम्हांला या सर्वांहून अधिक आवडली. लांदेव्हेनेकला आलेल्या त्या पहिल्या मठवासीयांना मरणच येईना, अशी ती कथा आहे. जागा इतकी पुण्यमय की मृत्यूचा तेथे शिरकाव होईना. म्हातारे अधिकाधिक म्हातारे होत गेले, अंगे झिजली, डोळे गेले. स्वर्गाची ओढ तर होती, पण वाट बंद. शेवटी त्यांनी देवाची करुणा भाकली आणि मठ थोडासा हलविण्यात आला. त्यानंतर मरण आले, आणि तेही शिस्तीने : वयाच्या क्रमाने, थोरला आधी. आमच्या घरात एक वृद्ध आजी अंथरुणाला खिळून नव्वदीपुढे जगली. दर रविवारी परमप्रसाद घेऊन येणाऱ्या फादरांना ती विचारीत असे, "फादर, माझा नंबर कधी?" लांदेव्हेनेकची ही कथा तिला ऐकवायला मिळाली असती तर तिने ती गावभर सांगितली असती.

गुर्दिस्तेनचा काळ हा मठाच्या विद्येचा काळ होता. मठात ग्रंथ लिहिले जात, नकलले जात, चितारले जात. आणि मग ९१३ साल उजाडले. नॉर्मन चाच्यांच्या नौका खाडीत शिरल्या. त्या वर्षी संताचा मठ नॉर्मनांनी उद्ध्वस्त केला, अशी त्रोटक नोंद मठाच्याच एका कालगणनेच्या हस्तलिखितात आहे. एवढा मोठा प्रलय, आणि नोंद पंचांगात एखाद्या ग्रहणाची करावी तेवढी. उत्खननात त्या आगीच्या खुणाही सापडल्या आहेत. मठवासी संताच्या अस्थी आणि उचलता येतील तेवढे ग्रंथ घेऊन निघाले, आणि शेवटी फ्रान्सच्या उत्तर टोकाला मोंत्रॉय-सूर-मेर येथे आश्रयाला गेले.

त्या ग्रंथांचे पुढे काय झाले हे पाहिले की मन स्तिमित होते. ज्या हस्तलिखितात लुटीची नोंद आहे ते आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. म्हणजे चाच्यांच्या वंशजांच्या देशातच ते जपले गेले. एक शुभवर्तमानग्रंथ इंग्लंडला गेला आणि आज ऑक्सफर्डमध्ये आहे. दुसरा एक शुभवर्तमानग्रंथ थेट न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यातील चित्रांत शुभवर्तमानकारांना माणसाच्या धडावर प्राण्यांची मस्तके दिलेली आढळतात, आणि त्यांतील मार्कचे मस्तक घोड्यासारखे आहे. परंपरेप्रमाणे मार्कचे चिन्ह सिंह. मग घोडा कोठून आला? अभ्यासक सांगतात की ब्रेतॉन भाषेत घोड्याला 'मार्ख' म्हणतात. मार्क आणि मार्ख. शिवाय त्या मठवासीयाने सिंह उभ्या जन्मात पाहिला नव्हता, घोडा मात्र रोज पाहिला होता. चर्चची भाषा लॅटिन, ग्रंथ लॅटिन, परंतु चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात शब्द ब्रेतॉन होता.

जे ग्रंथ मठातच राहिले असतील ते जळाले. जे परक्या देशी गेले ते वाचले. आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली की घरातली मंडळी खंतावतात, आम्हीही त्यांतलेच. या हस्तलिखितांची हकिकत ऐकल्यावर ती खंत नाहीशी झाली असे म्हणणे खोटे होईल. ती थोडी वेगळ्या जागी सरकली, इतके खरे.

ब्रिटनीचा वारस आलाँ, ज्याला लोक वाकड्या दाढीचा म्हणत, तो त्या वेळी इंग्लंडच्या राजदरबारी आश्रयाला होता. लांदेव्हेनेकचा मठाधिपती जाँ याने त्याच्याशी संधान बांधले, त्याला परत येण्यास उद्युक्त केले, आणि ९३६ मध्ये आलाँ परतला. मठवासीही परतले. आलाँने मठाला ज्या जमिनी दिल्या त्यांत दूर दक्षिणेकडील बा-सूर-मेर हे गावही होते, जेथे आजही मिठागरे आहेत आणि चर्चही संत गेनोलेचेच आहे. अकराव्या शतकात मठाने आपल्या सर्व जमिनींची दानपत्रे एका दप्तरात नकलून घेतली. ते दप्तर आजही कँपेर येथे आहे. त्यातील बरीच दाने ग्रादलों नावाच्या अर्धदंतकथेतील राजाच्या नावावर आहेत. तोच राजा, ज्याची ईस नावाची नगरी त्याच्या मुलीच्या पापामुळे समुद्रात बुडाली म्हणतात. सातबाऱ्यावर पौराणिक राजाची सही आणली की वाद करणार कोण? मठवासी साधू असले तरी जमिनीच्या बाबतीत अगदीच भोळे नव्हते.

मधल्या शतकांची कथा युरोपातल्या इतर शेकडो मठांसारखीच आहे, तिच्यात फार रमण्याचे कारण नाही. इंग्रजांची लूट, युद्धे, मग मठात न राहता केवळ उत्पन्न घेणारे मठाधिपती, १६३६ मध्ये संत मॉरच्या सुधारक संघात प्रवेश, त्यानंतर थोडी टवटवी, पुन्हा ओहोटी. राज्यक्रांती आली तेव्हा मठात मोजकेच जण उरले होते. १७९२ मध्ये मठ राष्ट्रीय मालमत्ता म्हणून विकला गेला आणि पुढे त्याचे दगड ज्याला हवे त्याने नेले. मोंत्रॉयला नेलेल्या संताच्या अस्थीदेखील १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी जाळल्या. नऊशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या हातून जे वाचविले होते ते अशा तऱ्हेने गेले.

गावाची घरे मात्र उभी होती. मठाच्या शेतांत राबणाऱ्यांची, मठाच्या धान्याच्या नौका चालविणाऱ्यांची ती नातवंडे-पतवंडे. मठ गेल्यावर गाव का गेले नाही, असा प्रश्न आम्ही भाचीमार्फत संग्रहालयातील एका बाईंना विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाणार कुठे? बटाटे इथेच लावले होते." उत्तर विनोदी होते, पण आमच्या मते बरोबरही होते.

संग्रहालय जुन्या मठाच्या अवशेषांपाशी आहे. १९७८ पासून येथे पद्धतशीर उत्खनन झाले आणि सध्याच्या भग्न चर्चखाली त्याहून जुन्या प्रार्थनागृहांचे पाये सापडले. अकराव्या शतकातील चर्चचे खांब कमरेपर्यंत, कोठे गुडघ्यापर्यंत उरले आहेत. त्यांच्या पायथ्यांवर चक्राकार आणि वेलींसारखी नक्षी आहे. जमिनीवर गवत, वर आकाश. दक्षिणेकडील एका लहानशा दालनाला ग्रादलों राजाची समाधी म्हणतात. मुख्य वेदीच्या जागी आम्ही थांबलो. यजमानांनी टोपी काढली. कोणी सांगितले नव्हते. शेजारून एक शालेय सहल किलबिलत गेली. मुलांपैकी एक जण खांबाच्या बुंध्यावर बसून बिस्किटे खात होता आणि शिक्षिका त्याला रागावत नव्हती. आम्हांला ते आवडले.

येथपर्यंत सारे एका भग्न वास्तूच्या कथेसारखे आहे, आणि अशा वास्तू आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. लांदेव्हेनेकचे वेगळेपण पुढे आहे. १८७८ मध्ये ब्रिटनीत केरबेनेआ येथे बेनेदिक्तिन मठवासीयांचा एक नवा मठ सुरू झाला होता. १९०१ च्या कायद्यानंतर धर्मसंघांवर गदा आली आणि या मठवासीयांना देश सोडावा लागला. ते गेले कोठे, तर वेल्सला. ज्या भूमीतून पाचव्या शतकात त्यांचे पूर्वज होड्यांत बसून आले होते, तेथे. १९२२ मध्ये ते परतले. पुढे १९५० मध्ये त्यांनी लांदेव्हेनेकच्या अवशेषांची जागा विकत घेतली, आणि १९५८ मध्ये ते तेथे राहावयास आले. शेवटचा मठवासी गेल्याला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.

त्यांनी एक गोष्ट केली नाही. भग्न चर्चवर नवे छप्पर घातले नाही, पडलेले खांब उभारले नाहीत. जुने अवशेष होते तसे ठेवून त्यांनी वर, टेकडीच्या उतारावर, नवा मठ बांधला. बाहेरून अगदी साधा. शोभा म्हणून काही केले आहे असे दिसत नाही. आत उंच, मोकळे, शांत. प्रथम आम्हांला हे थोडे रुक्ष वाटले. आपल्या चर्चमधील फुले, पताका, रंगवलेले पुतळे यांची डोळ्यांना सवय असते. सायंप्रार्थनेला बसलो, तेव्हा एकेक मठवासी आत आला, वेदीपुढे वाकला आणि आपल्या जागी उभा राहिला. बहुतेक वृद्ध. दोघे-तिघे मध्यमवयीन. एकाचे हात थरथरत होते, त्याला शेजाऱ्याने पुस्तकाचे पान उलटून दिले. स्तोत्रे दोन बाजूंनी आळीपाळीने म्हटली जात होती आणि दोन ओळींच्या मध्ये एक विराम येत होता, इतका दीर्घ की आपण श्वास धरून बसतो. भाचीने आम्हांला कोपराने खुणावून स्तोत्राचा क्रमांक दाखविला. फ्रेंच आम्हांला कळत नव्हते. स्तोत्र मात्र आमच्या बायबलमधले होते, म्हणून त्याची वळणे कळत होती.

मठाच्या दुकानात मठवासीयांनी फळांच्या गरापासून बनविलेल्या वड्या विकावयास असतात. दिसायला आपल्या आंब्याच्या वड्यांच्या चुलत बहिणी, वर साखर घोळलेली. काउंटरवर बसलेले ब्रदर फारच वयस्कर होते. आम्ही भारतातून आलो हे कळल्यावर त्यांनी भाचीला तिचे आडनाव विचारले आणि ते पोर्तुगीज कसे, असे कुतूहलाने म्हणाले. तिने सांगितले की सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनरी वसईकडे आले तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी आमच्या पूर्वजांना ही आडनावे मिळाली. ब्रदर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याही नावात मठ आहे."

आम्ही त्यांना मठातील संख्येबद्दल विचारले, कारण तो प्रश्न मनातून जात नव्हता. नवे तरुण येतात का? ते म्हणाले, "कधीतरी एखादा येतो. कधी येतो आणि परत जातो." पुढे कसे होणार, असे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. भाचीला झाले. त्यावर ते म्हणाले की ९१३ मध्ये किती जण होते आणि १७९२ मध्ये किती, हे पाहिले तर आजची संख्या फार वाईट नाही. हे बोलताना ते वड्यांचे खोके कागदात बांधीत होते आणि दोऱ्याची गाठ त्यांच्या हातून तीनदा सुटली.

मठापाशी आणखी एक ठेव आहे ती ग्रंथालयाची. ब्रिटनीविषयीचे आणि ब्रेतॉन भाषेतील मुद्रित साहित्य मठवासीयांनी तेथे जमविले आहे आणि अभ्यासक त्याचा उपयोग करतात. याचे मोल कळण्यासाठी त्या भाषेची आजची स्थिती ठाऊक असावी लागते. १९५०च्या सुमारास ती बोलणारे सुमारे दहा लाख होते. २०२४ च्या पाहणीत १ लाख ७ हजारांच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतलेही बहुसंख्य वृद्ध. एकेकाळी शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडाव किंवा तत्सम वस्तू लटकवीत. ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून ती त्याच्याकडे द्यावयाची. संध्याकाळी ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. आईबापांनी ही लाज आठवून मुलांशी घरी फ्रेंचच बोलावयास सुरुवात केली. १९७७ पासून दिवान नावाच्या शाळांतून मुलांना ब्रेतॉनमधून शिकविले जाते. परंतु अंगणात आजी जी भाषा बोलते ती आणि वर्गात शिकलेली, यांत अंतर पडते असे तेथील लोकच म्हणतात.

परतताना गाडीत भाची तिच्या आईशी फोनवर आमच्या किनाऱ्याच्या बोलीत बोलत होती. मध्येच एक शब्द तिला आठवेना. भातखाचराच्या बांधावरच्या त्या अरुंद पायवाटेला आपण काय म्हणतो, तो शब्द. तिने फोनवर विचारले. तिच्या आईलाही लगेच आठवला नाही. मग दोघी हसल्या आणि 'रस्ता' म्हणून पुढे गेल्या. आम्हांला तो शब्द ठाऊक होता. आम्ही तो तिला सांगितला आणि ब्रेस्त येईपर्यंत तिच्याकडून तो चार वेळा म्हणवून घेतला.

गेनोले हे नाव मुलाला ठेवण्याची प्रथा ब्रिटनीत अजून आहे. भाचीच्या प्रयोगशाळेतही या नावाचा एक तरुण काम करतो. लांदेव्हेनेक पाहून आल्याचे तिने त्याला सांगितले, तेव्हा त्याला आपल्या नावाच्या संताविषयी इतकेच आठवले की लहान असताना आजीने एकदा त्याला त्या गावी नेले होते, आणि तेथे ताडासारखी झाडे होती.